झाकण उघडलं की वाय-फाय गायब: रीस्टार्ट करण्याआधी जरा बघून घ्या

राउटर बदलू नका. निदान आज तरी नाही.

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, कारण त्यातले दोन तपशील फार कामाचे आहेत. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपचं झाकण मिटून ठेवलं आणि तासाभरानं उघडलं की वाय-फाय चालत नाही. कधी वाय-फायचं चिन्हच नसतं, तर कधी जोडलेलं दिसतं पण एकही पान उघडत नाही. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत होतं, शट डाउन करून पुन्हा चालू केलं तर मात्र कधीकधी रडगाणं तसंच राहतं. ड्रायव्हर (विंडोजला वाय-फायच्या कार्डाशी, म्हणजे आतल्या छोट्या पाटीशी, बोलू देणारा प्रोग्रॅम) दोनदा टाकून झालाय, म्हणून आता राउटर बदलायचा विचार आहे.

पहिला तपशील म्हणजे 'रीस्टार्टनं बरं होतं, शट डाउननं होत नाही'. हे ऐकून लोकांना वाटतं आपल्याला भास होतोय. भास नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत आहेत त्याच अवस्थेत डिस्कवर उतरवून ठेवतं. पुढच्या वेळी बटण दाबलं की तेच परत मेमरीत चढवतं. ड्रायव्हर गोंधळलेला असेल तर तो गोंधळही इमानदारीत जपला जातो. रीस्टार्ट मात्र ही सोय वापरत नाही, पाटी कोरी करून सुरुवात करतं. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन केलंत तर तेही खरंखुरं बंद होतं. म्हणजे निदान तुमचा 'चिन्हच नसतं' हा प्रकार राउटरच्या अंगावर ढकलता येत नाही. तो लॅपटॉपच्या आत घडतोय.

दुसरा तपशील असा की तुम्ही दोन वेगळी लक्षणं एकाच वाक्यात लिहिलीत. चिन्ह नसणं आणि जोडलेलं असून पान न उघडणं, हे दोन निराळे आजार आहेत. दोन्ही एकाच लॅपटॉपला असू शकतात, पण औषध एक नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा यंत्रांतली नऊ आधीच 'सगळं करून पाहिलेली' असतात, आणि गुंता त्यातूनच वाढलेला असतो.

झाकण मिटलं की लॅपटॉप बहुधा झोपतो, म्हणजे स्लीपमध्ये जातो. त्या झोपेतून उठताना आत काय होतं ते आधी पाहू. कार्डाला वीज मिळते. ड्रायव्हर कार्डात त्याचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) पुन्हा भरतो, कारण बहुतेक वाय-फाय कार्डं वीज गेली की ते विसरतात. मग आसपासची नेटवर्कं शोधायची, ओळखीचं सापडलं की राउटरशी किल्ल्यांची देवाणघेवाण करायची, मग राउटरकडून आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आपला क्रमांक) घ्यायचा, आणि शेवटी नावांवरून पत्ते शोधणारा डीएनएस चालू व्हायचा. सगळं सुरळीत असेल तर हे काही सेकंदांत उरकतं. यातली कुठली पायरी चुकली हे फक्त बिघडलेल्या अवस्थेतच कळतं, आणि आपण नेमका तेव्हाच घाईनं रीस्टार्ट करून पुरावा पुसून टाकतो.

म्हणून पुढच्या वेळी बिघडलं की रीस्टार्ट करू नका. आधी त्याच वाय-फायवर फोन चालतोय का बघा. फोनवरही नसेल तर लॅपटॉप निर्दोष आहे आणि हे उत्तर तुम्ही इथेच थांबवू शकता. फोन चालत असेल तर डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली उपकरणांची यादी) उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वाय-फाय कार्ड आहे का ते बघा. आहे, पिवळ्या त्रिकोणासह आहे, की नावच नाही? त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा क्लिक केल्यावर एक क्रमांक दिसतो, तो लिहून ठेवा. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानं स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजनं ते थांबवलं.

आता माझी आवडती चाचणी. त्याच वेळी ब्लूटूथ चालतंय का बघा. बहुतेक लॅपटॉपांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डावर असतात, पण मदरबोर्डाशी (लॅपटॉपच्या मुख्य पाटीशी) त्यांचे रस्ते वेगळे असतात. वाय-फाय पीसीआय एक्सप्रेसवरून जातं, ब्लूटूथ यूएसबीवरून. वाय-फाय गायब आणि ब्लूटूथ ठणठणीत असेल तर कार्डाला वीज मिळतेय, अडलंय ते पीसीआय एक्सप्रेसच्या बाजूला किंवा वाय-फायच्या ड्रायव्हरमध्ये. दोन्ही एकदम गेले असतील तर अख्खं कार्ड उठलेलं नाही, आणि मग संशय कार्डाचा वीजपुरवठा, बायॉस (विंडोजच्याही आधी चालू होणारा मूळ प्रोग्रॅम) किंवा सैल बसलेलं कार्ड यांच्यावर. इंटेलच्या काही नव्या कार्डांत वाय-फायचा निम्मा भाग प्रोसेसरच्या बाजूच्या चिपसेटमध्येच असतो, तिथे ही चाचणी इतकी स्वच्छ निकाल देत नाही. तरी अर्धा मिनिट खर्च करण्याजोगी नक्की आहे.

तुमचा लॅपटॉप कुठल्या जातीची झोप घेतो हेही बघावं लागेल. जुनी पद्धत एस-थ्री. यात मेमरी सोडून जवळपास सगळं बंद. नवी पद्धत मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे पडदा काळा पण यंत्र फोनसारखं अर्धवट जागं. विंडोज १० बरोबर हे नाव आलं, आणि आता बऱ्याच नव्या लॅपटॉपांत एस-थ्री मिळतच नाही. पाहायला सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) उघडा आणि इंग्रजीत 'पॉवर' शब्दाला जोडून 'सीएफजी' टाइप करा, मग एक मोकळी जागा, मग स्लॅश आणि ए. उत्तरात 'एस झिरो लो पॉवर आयडल' दिसलं तर तुमचा लॅपटॉप नव्या जातीचा. फक्त 'एस थ्री' दिसलं तर जुन्या.

हे विचारायचं कारण म्हणजे सगळीकडे दिला जाणारा तो प्रसिद्ध सल्ला: डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत जा, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण असते, ती काढा. एस-थ्रीवाल्या लॅपटॉपांत हा सल्ला चांगला आहे, मीही सगळ्यात आधी हेच करतो. पण मॉडर्न स्टँडबायवाल्या यंत्रांत तो टॅब बहुतेक वेळा नसतोच. लोक तासभर शोधतात आणि आपलंच काही चुकतंय समजतात. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या आतल्या वहीत) एक आकडा घालून तीच सोय बंद करायची युक्तीही फिरते. मी ती करत नाही. ड्रायव्हर बदलला की ती पुसली जाते, आणि सहा महिन्यांनी आपण काय केलं होतं ते आपल्यालाच आठवत नाही.

कार्डच गायब होत असेल तर माझा क्रम असा. आधी 'पॉवर ऑप्शन्स'च्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी बंद करून बघतो. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला दुवा रिकामा असला की त्याला डुलकी घेऊ देणारी ही सोय. काही कार्डं त्या डुलकीतून नीट उठत नाहीत. तिथेच 'वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज' असतं, ते 'मॅक्सिमम परफॉर्मन्स'वर. चार्जरवर असताना ते बहुधा आधीच तसं असतं, बॅटरीवर मात्र नसतं. म्हणूनच 'चार्जर लावलेला असला की कधीच बिघडत नाही' असं कुणी म्हटलं की मी आधी इथे बघतो. मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रांत यातल्या काही ओळी लपवलेल्या असतात, दिसल्या नाहीत तर पुढे चला.

मग ड्रायव्हर. तुम्ही 'दोनदा टाकला' म्हणता, पण कुठून? विंडोज अपडेटनं दिलेला, चिप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरचा, आणि लॅपटॉप बनवणाऱ्यानं तुमच्या मॉडेलसाठी ठेवलेला, हे तिन्ही वेगळे असू शकतात. झोपेच्या तक्रारीत मी आधी लॅपटॉप बनवणाऱ्याचा घेतो, जुना दिसला तरी. झोपेचं वागणं कार्ड, बायॉस आणि मदरबोर्ड या तिघांच्या संगनमतानं ठरतं, आणि ते तिघं एकत्र तपासून पाहिलेले असतात ते तिथेच. त्यानं भागलं नाही तर चिपवाल्याचा नवीन. आणि तक्रार अमुक दिवसापासूनच सुरू झाली असं पक्कं आठवत असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून मागच्या आवृत्तीवर जा. नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, असा काही नियम नाही.

बायॉसचं अपडेटही याच कारणासाठी बघावं. बदलांच्या यादीत झोप, स्टँडबाय किंवा वायरलेस यांचा उल्लेख असेल तर नक्की करा. चार्जर लावूनच करा, आणि डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. नंतर अपरात्री ती ४८ अंकी किल्ली शोधत बसायची वेळ येऊ नये.

एक उपाय मंत्रतंत्रासारखा वाटतो पण त्याला कारण आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बंद लॅपटॉपातही काही भागांना थोडी वीज मिळत राहते. कार्डाचं फर्मवेअर अडकून पडलं असेल तर रीस्टार्टमध्येही कार्डाची वीज पूर्ण तुटेलच असं नाही. बटण धरून ती तुटली की कार्ड भानावर येतं. रीस्टार्टनंही कार्ड परत येत नाही आणि फक्त यानंच येतं, असं दिसलं तर कार्ड बदलायची तयारी ठेवा.

झाकणाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तुम्ही 'झोपवलं' नाही, 'झाकण मिटलं' असं लिहिलंय. मागे माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता. तक्रार हुबेहूब हीच. मालकानं विंडोज नव्यानं टाकलं होतं, एका दुरुस्तीवाल्यानं कार्डही बदलून दिलं होतं. मी दोन दिवस ड्रायव्हरांत घातले आणि हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सहज मेनूतून स्लीप दिलं, झाकण उघडंच ठेवून. उठला, वाय-फाय हजर. पुन्हा दिलं, हजर. पाच वेळा. मग झाकण मिटून उघडलं, तर नेटवर्कांची यादी जवळजवळ रिकामी, फक्त टेबलावरच्या राउटरची एक काडी. पडदा मागे थोडा जास्त झुकवला, तर काड्या परत भरल्या. लॅपटॉपांचे अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात आणि त्यांच्या केसासारख्या तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. खोलून पाहिलं, तर उजव्या बिजागरीत काळ्या तारेचं आवरण सोलवटलेलं आणि आतली जाळी तुटत आलेली. झोपेचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तेव्हापासून झाकण न मिटता झोपवून बघणं ही माझी पहिली चाचणी झाली आहे. तुम्हीही ती करा. फुकट आहे.

आता दुसरा आजार. कार्ड दिसतंय पण जोडणी होत नाही, किंवा जोडलेलं दाखवून पान उघडत नाही.

उठल्यावर तुमचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लगेच दिसत नाही आणि अर्ध्या-एक मिनिटानं उगवतं, असं होत असेल तर राउटरचा चॅनेल (वाय-फाय ज्या रेडिओ-पट्टीवर चालतं तिचा क्रमांक) बघा. ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. तिथे कार्डाला स्वतःहून 'कोणी आहे का' अशी हाक मारता येत नाही, राउटरची आरोळी ऐकू येईपर्यंत गप्प बसून ऐकावं लागतं. शिवाय रडारसारखं काही जाणवलं तर राउटरला तो चॅनेल सोडून दुसरीकडे जावं लागतं, आणि तुमचा लॅपटॉप जुन्याच जागी शोधत बसतो. चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी एखादा कायम करून आठवडाभर बघा. राउटर बदलण्यापेक्षा हे स्वस्त.

जोडलेलं दिसतं पण काहीच चालत नाही, यामागे पुष्कळदा दोन बाजूंची वेगवेगळी समजूत असते. राउटर सगळ्या उपकरणांची सामाईक किल्ली ठरावीक वेळानं बदलतो, बऱ्याच राउटरांत दर ३६०० सेकंदांनी. लॅपटॉप झोपेत असताना किल्ली बदलली, राउटरनं हाक मारली, ओ मिळाली नाही, म्हणून त्यानं लॅपटॉपला यादीतून काढून टाकलं. लॅपटॉप उठला आणि आपण अजून आतच आहोत अशा थाटात माहितीची पाकिटं पाठवत बसला. शहाणा ड्रायव्हर हे ओळखून नव्यानं जोडणी करतो, सगळे शहाणे नसतात. वाय-फाय बंद-चालू केल्यावर लगेच सुरू होत असेल तर प्रकार हाच असण्याची दाट शक्यता. राउटरवर डब्ल्यूपीए-टू आणि थ्री (वाय-फाय पासवर्डच्या सुरक्षेच्या जुन्या-नव्या पद्धती) अशी मिश्र सुरक्षा असेल तर तपासणीपुरती दोन दिवस फक्त टू ठेवून बघा. काही जुन्या कार्डांना मिश्र प्रकार झेपत नाही.

मग पत्ता. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. वाय-फायखालचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपनं स्वतःच एक कामचलाऊ पत्ता लावून घेतलाय. राउटरकडून मिळालेला पत्ता हा भाडेकराराचा असतो, आणि निम्मी मुदत झाली की लॅपटॉपनं नूतनीकरण मागायचं असतं. रात्रभर झोपलेल्याला ते जमत नाही. उठल्यावर नवा पत्ता मागून मिळायला हवा, मिळत नसेल तर त्याच आयपीकॉन्फिगपुढे स्लॅश देऊन आधी 'रिलीज' आणि मग 'रिन्यू' करा. पत्ता व्यवस्थित आहे आणि तरी पानं नाहीत, तर व्हीपीएन (तुमची रहदारी खासगी बोगद्यातून नेणारा प्रोग्रॅम) बघा. बऱ्याच व्हीपीएनमध्ये जोडणी तुटली की इंटरनेटच तोडून टाकणारा 'किल स्विच' असतो. झोपेत बोगदा तुटतो, उठल्यावर स्विच आपलं काम चोख बजावतो, आणि शिव्या वाय-फाय खातं. असले प्रोग्रॅम आणि जड अँटीव्हायरस नेटवर्कच्या वाटेत स्वतःची चाळणी बसवतात. तपासताना ते नुसते बंद न करता काढून बघा, कारण बंद केले तरी चाळणी जागेवर असते.

अंदाज नको, पुरावा हवा असेल तर विंडोजकडे तो तयार असतो. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच', 'डब्ल्यूलॅन', 'शो', 'डब्ल्यूलॅनरिपोर्ट' हे चार शब्द इंग्रजीत मोकळी जागा सोडत टाइप करा. गेल्या ३ दिवसांचा वाय-फायचा जमाखर्च एका पानावर मिळतो: कधी जुळलं, कधी तुटलं, का तुटलं. लाल खुणेवर क्लिक केलं की तो क्षण उलगडतो.

नेटवर्क रीसेटचं बटण मी शेवटी ठेवतो. ते सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवतं, साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणीही जाते. गुण येतो कधीकधी, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही.

लिनक्स वापरत असाल तर उठल्यावर 'डीमेसेज' या आज्ञेनं दिसणाऱ्या नोंदींचा शेवट वाचा, फर्मवेअर चढलं नाही तर तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. कार्डाचं मॉड्यूल काढून परत घातल्यावर वाय-फाय येत असेल तर तेच काम झोपेआधी आणि झोपेनंतर करणारी चार ओळींची स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या स्लीप फोल्डरात ठेवता येते. मॅकवर ऑप्शन दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की चॅनेल आणि सिग्नलचे आकडे दिसतात, पुढचा तपास तिथून.

चाचणी घेताना एका वेळी एकच बदल करा, आणि झोप पुरेशी द्या. दोन मिनिटं झाकण मिटून 'झालं की ठीक' म्हणणारे चार दिवसांनी परत येतात. मॉडर्न स्टँडबायमध्ये यंत्र खोल झोपेत जायलाच वेळ लागतो, आणि किल्ली किंवा पत्त्याचा घोळ तासाभराशिवाय दिसत नाही. एकदा चार्जरवर आणि एकदा बॅटरीवर, दोन्ही वेळा निदान तासभर.

तोवर काम अडू नये म्हणून झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी 'हायबरनेट' लावून ठेवा. उघडी कामं तशीच राहतात, उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण अर्धवट जागं राहायचा प्रश्नच उरत नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर मी हेच करून ठेवलंय, आणि त्याच्या वाय-फायला नेमकं काय झालं होतं ते शोधायचं अजून राहूनच गेलंय.